खोटा अर्थ खरा का वाटतो? डिक्शनरी घेऊन खेळायचा एक खेळ

आंबोण म्हणजे काय? गूगल करू नका, जरा थांबा, चार अर्थ देतो, त्यातला एकच खरा. पहिला, आंब्याचा मोहोर झडून गेल्यावर फांदीला राहिलेला सुका दांडा. दुसरा, दुभत्या जनावराला द्यायचं भिजवलेल्या कोंडा-पेंडीचं खाणं. तिसरा, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात लेकीच्या सासरी पाठवायची आंब्याची भेट. चौथा, नवीन पीठ आंबवायला राखून ठेवलेलं कालचं थोडं पीठ.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे ते आत्ताच हसले असतील, कारण खरा अर्थ दुसरा. पण शहरातल्या पोरांना विचारलं की बहुतेक जण तिसऱ्यावर नाहीतर चौथ्यावर जातात, आणि का जातात ते बघायला गेलं की भाषा डोक्यात कशी चालते याचं बरंच काही कळतं, म्हणून हा लेख.

खेळ अगदी साधा आहे. एकानं जाड शब्दकोश घ्यायचा, कुणालाच माहीत नसेल असा शब्द शोधायचा आणि मोठ्यानं सांगायचा. बाकीच्यांनी त्या शब्दाचा मनानं एक अर्थ रचायचा, खरा वाटेल असा, आणि चिठ्ठीवर लिहून गुपचूप द्यायचा. शब्द काढणारा खरा अर्थ पण एका चिठ्ठीवर लिहितो, सगळ्या चिठ्ठ्या मिसळतो आणि एकामागून एक वाचून दाखवतो, मग प्रत्येकानं खरा कुठला ते सांगायचं. खरा ओळखला की दोन पॉइंट, तुमच्या खोट्या अर्थाला जेवढी मतं पडतील तेवढे पॉइंट तुम्हाला, आणि कुणालाच ओळखता आला नाही तर शब्द काढणाऱ्याला तीन. घरोघरी हिशोब थोडा वेगळा असतोय पण मुद्दा तोच. इंग्रजीत याला फिक्शनरी किंवा नुसतं डिक्शनरी गेम म्हणतात. 1984 ला कॅनडात याचाच बोर्ड गेम निघाला, बाल्डरडॅश नावाचा, तो बऱ्यापैकी खपला. बीबीसीवर 1965 पासून कॉल माय ब्लफ म्हणून टीव्हीचा कार्यक्रम होता, त्यात एका शब्दाचे तीन अर्थ तीन माणसं तोंडानं सांगायची आणि समोरच्या टीमनं खरा पकडायचा. पण त्यात तोंड बघून पकडता येतंय, कोण ओठ दाबून हसतोय, कोण उगीच जास्त सिरीयस झालाय. चिठ्ठीवाल्या खेळात ती सोय नाही, तिथं नुसतं वाक्य तुमच्या समोर असतंय. म्हणून मला चिठ्ठीवालाच आवडतो.

आता फसवणूक होते कशी ते बघू.

पहिलं म्हणजे आपण न ऐकलेला शब्द ऐकला तरी डोकं त्याला रिकामा ठेवत नाही, लगेच ओळखीचा तुकडा शोधतंय. आंबोण म्हटलं की आंबा, नाहीतर आंबणं. खोटा अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात पण तोच आंबा येतो आणि ऐकणाऱ्याच्या पण, त्यामुळं दोघांची गाठ बरोबर पडते. खरा अर्थ बिचारा गोठ्यात बसलेला असतो, त्याच्याकडं कोण बघणार. म्हणून मुरलेला खेळाडू मुद्दाम असा शब्द काढतो ज्याच्या पोटात दुसराच ओळखीचा शब्द लपलाय असं वाटतं. अडणी घ्या. ऐकल्याबरोबर अडणं, अडसर, अडकणं असं सगळं आठवतंय आणि मग चिठ्ठ्या येतात, दाराला आतून लावायचा लाकडी दांडा, ओढ्यात पाणी अडवायला टाकलेल्या फांद्या, वादात कुणाला पुढं न जाऊ देणं. खरी अडणी म्हणजे देवपूजेत शंख किंवा जेवताना ताट ठेवायची तीन पायांची बैठक.

दुसरं, शब्दाचं शेपूट. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर बरंच काही बोलून जातंय आणि आपल्याला ते कळतं हेच आपल्याला माहीत नसतं. अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी 1958 मध्ये लहान मुलांना एका पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं, याचं नाव वग, आता हे असे दोन आहेत तर काय म्हणशील, आणि चार-पाच वर्षांची बहुतेक पोरं पण त्याचं इंग्रजी अनेकवचन करून मोकळी झाली, शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला असून. म्हणजे नियम पाठ केलेले नव्हते, आत बसलेले होते. मराठीत तर हे आणखी मजेशीर. चाडं हा शब्द ज्यानं कधीच ऐकला नाही तो पण एक चाडं, दोन चाडी असंच म्हणणार. आणि त्याच्या पुढची गंमत म्हणजे आकाराची. सुरा मोठा सुरी लहान, आरा मोठा आरी लहान, हंडा-हंडी, डबा-डबी, पळा-पळी. हे कानात एवढं मुरलेलं असतंय की न ऐकलेल्या शब्दाच्या शेवटी ई आली की आपण नकळत काहीतरी लहान, हातात मावेल असं धरून चालतो. त्यामुळं अडणीचा अर्थ 'मोठा दगडी हौद' असा लिहिला तर एक मत पडणार नाही, का पडलं नाही हे सांगता कुणालाच येणार नाही पण पडणार नाही. उलट तिवडा म्हटलं की काहीतरी दणकट, उभं, पुरुषभर वाटतं, आणि खरा अर्थ पण तसाच निघतो, खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याच्याभोवती मळणीचे बैल फिरायचे. (चाडं राहिलंच सांगायचं. पेरताना पाभरीवर जे लाकडी वाटीसारखं असतं, ज्यात मुठीनं बी सोडतात, ते चाडं. चाड्यावर मूठ धरली म्हणजे पेरणी सुरू.)

तिसरं, आवाज. एक गोलमटोल आकार आणि एक टोकदार काटेरी आकार काढायचा आणि विचारायचं, यातलं बूबा कुठलं आणि किकी कुठलं. जगभर लोक गोलाला बूबा म्हणतात, काटेरीला किकी. याची सुरुवात कोहलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1929 मध्ये केली, त्याचे शब्द वेगळे होते पण कल्पना हीच, आणि 2022 मध्ये 25 भाषांतल्या लोकांवर हे करून बघितलं तर साधारण 72 टक्के लोकांनी असंच जुळवलं. मराठीला तर हे सांगायची गरजच नाही, गुबगुबीत, गुटगुटीत, ढब्बू एकीकडं आणि किडकिडीत, काटकुळा, चिरका दुसरीकडं. खेळात याचा उपयोग असा की चुंभळ या शब्दाला तुम्ही 'धारदार' काहीतरी अर्थ दिलात तर कान आधीच नाही म्हणतो. मऊ, गुंडाळलेलं, गोल असं काहीतरी लिहा, चालून जाईल. खरी चुंभळ पण तशीच आहे, डोक्यावर घागर नाहीतर पाटी घ्यायच्या आधी खाली ठेवायचं कापडाचं वेटोळं.

पण हे तिन्ही एकीकडं आणि चौथं एकीकडं, कारण खेळ खरा जिंकला जातो तो इथं. बारीक तपशील.

आता बघा. एका शब्दाचे दोन अर्थ दिले. एक, 'घागर'. दुसरा, 'मिरगाच्या पहिल्या पावसाचं पाणी धरायला अंगणात ठेवायची तांब्याची घागर'. कुठला खरा वाटतो? दुसरा. पण हिशोब केला तर दुसरा खरा असण्याची शक्यता कमीच असायला पाहिजे की, कारण मिरगातली तांब्याची प्रत्येक घागर ही घागर आहेच, उलटं नाही. जेवढ्या अटी वाढवाल तेवढी बसणारी वस्तू कमी. तरी आपलं मन उलटं चालतं, तपशील वाढला की विश्वास वाढतो. ट्वर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये हेच दाखवलं, लिंडा नावाच्या एका काल्पनिक बाईचं वर्णन दिलं, हुशार, सामाजिक प्रश्नांवर तळमळीनं बोलणारी, आणि विचारलं, ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त की बँकेत कॅशियर आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीत असण्याची. बहुतेकांनी दुसरं सांगितलं. जमून आलेली गोष्ट आपल्याला शक्यतेपेक्षा जवळची वाटते. अफवा पण याच वाटेनं पसरतात, 'कुणीतरी पैसे घेऊन पळाला' याला कोण विचारत नाही, 'संकेश्वरजवळ पांढऱ्या गाडीतून पळाला' म्हटलं की व्हय व्हय मी पण ऐकलंय.

तपशील कुठला टाकायचा हे मात्र कळायला पाहिजे. नवखे लोक इथंच जातात. त्यांना वाटतं भन्नाट कल्पना लढवली की मतं पडतील, म्हणून लिहितात, सासूला चिडवण्यासाठी सुनेनं मुद्दाम वाजवलेली पातेली. सगळे हसतात, टाळी देतात आणि मत दुसऱ्यालाच टाकतात. कारण शब्दकोश विनोद करत नाही. शब्दकोश कंटाळवाणा असतो, आणि तो कंटाळा तुम्हाला हुबेहूब लिहिता आला की तुम्ही जिंकलात. दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 मध्ये सात खंडांत आला, त्याचं कुठलंही पान उघडा, आधी लिंग, पु. स्त्री. न., मग कुठल्या भागातला शब्द ते कंसात, (कों.) म्हणजे कोकण, (व.) म्हणजे वऱ्हाड, मग 'इत्यादि', 'विशिष्ट प्रकारचा', आणि शेवटी चौकटी कंसात कुळी, [सं.] संस्कृत, [फा.] फारसी, [का.] कानडी. हे सगळे दागिने घातले की कुठलाही अर्थ शब्दकोशातला वाटायला लागतो. 'न. (कों.) भाताच्या लोंब्या बांधण्याचा पेंढ्याचा दोर इ.' असं लिहा आणि बघा. अर्थ काय आहे याकडं कोण बघतच नाही, बोलायची ढब बघतात.

आणि हे फक्त आपल्यासारख्या टाइमपास करणाऱ्यांचं नाही, खुद्द शब्दकोशवाले फसलेत. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या डिक्शनरीत डॉर्ड नावाचा शब्द होता, अर्थ, घनता. असा शब्दच नाही. झालं असं की रसायनशास्त्र बघणाऱ्या संपादकानं चिठ्ठी पाठवली होती, घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी वापरतात एवढंच सांगायला, त्यातलं 'डी ऑर डी' कुणीतरी सलग वाचलं आणि त्याचा शब्द झाला. छापून आला, वर्षानुवर्षं पानावर बसून राहिला. 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं, आणि कशावरून आलं माहिती आहे का, या शब्दाला कुळीच दिलेली नव्हती. म्हणजे बाकी सगळा वेष बरोबर होता, एक दागिना कमी पडला म्हणून पकडला गेला.

काही वेळा मात्र मुद्दाम करतात. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत 2001 मध्ये एस्क्विव्हेलियन्स हा शब्द घातला, अर्थ साधारण कामचुकारपणा, नेमून दिलेली जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. हा शब्द संपादकांनी घरी बनवलेला, कशासाठी तर कुणी आपली डिक्शनरी कॉपी केली तर चोरी सापडावी म्हणून, कारण हा शब्द दुसरीकडं दिसला म्हणजे आपल्याकडूनच उचललाय. 2005 मध्ये ते बाहेर आलं. त्याच्या आधी 1975 च्या न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडियात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाच्या एका फोटोग्राफर बाईंची नोंद होती, त्या खेड्यापाड्यातल्या टपालपेट्यांचे फोटो काढायच्या आणि ज्वालाग्राही पदार्थांवरच्या एका मासिकाच्या कामावर असताना स्फोटात वारल्या. अशी बाई झालीच नाही. आता असल्या मुद्दाम घातलेल्या खोट्या नोंदीलाच इंग्रजीत माउंटवीझल म्हणतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर एस्क्विव्हेलियन्स हा खेळ जिंकला असता आणि माउंटवीझलबाई हरल्या असत्या, स्फोटापर्यंत जायला नको होतं, टपालपेट्यांवर थांबायला पाहिजे होतं.

आता आपल्याकडची गोष्ट, कारण बेळगावात हा खेळ पुण्या-मुंबईसारखा होत नाही. गणपतीत घर भरलेलं असतंय, बाहेर पाऊस, लाइट गेलेली, आणि टेबलाभोवती नाहीतर चटईवर कोण कोण बसलेलं असतं बघा. एक टिळकवाडीतला इंग्रजी मीडियमवाला, एक खानापूरकडची भातशेती बघणारी मावशी, एक निपाणीचा, एक वडगावातला ज्याच्या घरात माग चालायचा, एक कानडी मीडियममध्ये शिकलेली चुलतबहीण, आणि आजी. सगळे मराठीच बोलणार पण प्रत्येकाची शब्दांची पेटी वेगळी. तुम्ही शब्दकोशातून मोठा तीर मारल्यासारखा धोटा काढला की वडगाववाला म्हणणार, 'काय गा, ह्यो काय शब्द झाला व्हय, मागावर बाण्याचं सूत हिकडनं तिकडं नेतंय ते.' काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, काढली तर ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय तो हसणार. म्हणून इकडं शब्द काढायच्या आधी समोर कोण बसलंय ते बघावं लागतं, अवघड शब्द असा काही नसतोच, त्या चटईवर अवघड असला की झालं. आणि माहीत असेल त्यानं आधीच हात वर करायचा, हा नियम इकडं जरा कडक ठेवावा लागतो नाहीतर आजी दर डावाला दोन पॉइंट घेऊन बसते आणि वर हसते.

कानडीमुळं तर वेगळीच मजा. शब्दकोशातला तो [का.] आहे ना, तो पुण्यात हुकमी पत्ता आहे, खोट्या अर्थापुढं [का.] लिहिलं की कुणाला तपासता येत नाही. बेळगावात हे केलं की तुम्ही संपलात. चुलतबहीण लगेच म्हणणार, 'कन्नडमध्ये असला शब्द कुठं हाय, दाखव की.' पण तिची पण एक गोची आहे. दोन भाषांत सारखा दिसणारा शब्द अर्थ बदलून बसलेला असतो, कानडीत अवसर म्हणजे घाई, मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड. उपन्यास म्हणजे कानडीत व्याख्यान आणि हिंदीवाल्याला कादंबरी. त्यामुळं ज्याला दुसरी भाषा येते तो कधी कधी जास्त जोरात चुकतो, कारण त्याला अंदाज नसतो, खात्री असते. अर्धवट माहितीवर मत टाकणारा गिऱ्हाईक हा खोटा अर्थ लिहिणाऱ्याचा सगळ्यात आवडता, मुद्दाम त्याच्या कानडीला पटेल असा अर्थ लिहायचा आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. तूप-तुप्प, अक्का, अण्णा असे दोन्हीकडं चालणारे शब्द रोज तोंडात असल्यामुळं आपल्या कानाला कुठलाही शब्द 'असेल की कानडीतला' असं वाटायची सवयच आहे. (सीमाप्रश्न इथं काढू नका, खेळ राहतो बाजूला.)

एक प्रॅक्टिकल अडचण पण इथलीच. चिठ्ठ्या वाचणाऱ्यानं सगळ्या एका दमात, एकाच सुरात वाचायला पाहिजेत, अडखळला की कळतं ही शब्दकोशातली नाही. आता कानडी मीडियमवाली बहीण मराठी अर्थ कानडी लिपीत लिहून देते, टिळकवाडीवाला इंग्रजी अक्षरांत, आणि मावशीचं अक्षर कुणालाच लागत नाही. यावर उपाय म्हणजे वाचणाऱ्यानं आधी सगळ्या चिठ्ठ्या एकदा मनातल्या मनात वाचून घ्यायच्या, नाहीतर प्रत्येकानं वाचणाऱ्याला सरळ बाजूच्या खोलीत नेऊन आपला अर्थ कानात सांगायचा आणि त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून काढायचा. तेव्हा अर्थाची भाषा पण थोडी सारखी करून घेतली तरी चालते, फक्त सगळ्यांची करायची, एकट्याची नाही.

शब्द कुठले काढावेत याचं सांगतो. अगदी विचित्र संस्कृत शब्द काढले की मजा जाते, कारण कुणालाच काही धागा लागत नाही, सगळे नुसते ठोकून देतात आणि कशालाही मतं पडतात. सगळ्यात भारी शब्द म्हणजे जे रोज वापरतो पण एकटे कधी बघितलेले नसतात. निढळाचा घाम सगळे गाळतात, निढळ म्हणजे काय? कपाळ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, मग सुंभ म्हणजे? काथ्याची दोरी. हे विचारलं की पहिली प्रतिक्रिया 'हे तर माहितीये' अशी येते आणि मग पेन हातात धरून माणूस गप्प बसतो. गुंतवणारा दुसरा साठा म्हणजे जुनी मापं. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली हे आजीला येतं, पण दोन निळव्यांचं एक कोळवं आणि दोन कोळव्यांचं एक चिपटं इथपर्यंत फार कमी लोक जातात, आणि निळवं म्हटलं की सगळ्यांना निळा रंगच दिसतो, कुणी नीळ घालायचं भांडं लिहितो, कुणी जांभळाचा डाग.

घरात शब्दकोश नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिला 1831 चा, त्याची वाढवलेली 1857 ची आवृत्ती, आणि दाते-कर्वे, दोन्ही शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट बघता येतात. मोल्सवर्थ खेळाला जास्त बरा, कारण अर्थ इंग्रजीत आहे आणि शब्द काढणाऱ्याला तो स्वतः मराठीत लिहावा लागतो, म्हणजे खऱ्या अर्थाची भाषा पण इतरांसारखीच घरगुती होते, पकडायला अवघड जातं. मोबाइलवर खेळत असाल तर शब्द काढणारा सोडून बाकीच्यांचे फोन एका ताटात ठेवून घ्या.

आणि भांडण होणारच एका गोष्टीवरून, शब्दकोश एक सांगतो आणि आजी म्हणते, 'आमच्याकडं असं नव्हतं गा, त्याला येगळंच म्हणत होते.' तेव्हा शब्दकोश खरा का आजी खरी यात पडायचं नाही, आजीचा अर्थ पण खरा धरायचा, दोन्हीपैकी कशालाही मत दिलेल्याला पॉइंट द्यायचे, आणि ज्यानं आजीला न विचारता तो शब्द काढला त्याचा डाव बाद.